ड्युटी चालू असतानाच स्वतःला कसं सांभाळायचं, सिस्टर लोकांसाठी

मी सतरा वर्षं झाली नर्सिंगमधे, सगळी मराठवाड्यातच, आधी ग्रामीण रुग्णालय मग जिल्ह्याच्या ठिकाणी. टेन्शन कमी करायला योगा करा, पहाटे फिरायला जा असं सगळेच सांगतात, पण नाईट करून सकाळी सुटलेली बाई लेकरांचा डबा बघणार का फिरायला जाणार. म्हणून इथं शक्यतो तेच लिहिते जे वॉर्डात उभ्याउभ्या होतं. वेगळा वेळ काढायचा नाही, तो मिळणारच नाही, जे काम आपण करतोच त्यालाच हे जोडायचं.

पहिलं म्हणजे हँडरब, हातावर चोळायचं सॅनिटायझर. डब्ल्यूएचओचं सांगणं आहे 20 ते 30 सेकंद चोळायचं, आपण घाईत पाच सेकंदात उरकतो. पूर्ण वेळ चोळा, इन्फेक्शनसाठी तर पाहिजेच, पण त्यातच नाकानं चार मोजत श्वास आत घ्या आणि सहा मोजत हळूहळू सोडा, असे तीन श्वास बसतात त्या वेळात. सोडायचा श्वास लांब ठेवायचा, कारण श्वास सोडताना व्हेगस नर्व्हमुळं (मेंदूकडून हृदयाकडं येणारी नस) ठोके मंदावतात, फिजिओलॉजीत आपण हे शिकलोय, फक्त स्वतःवर वापरत नाही. आणि त्याच वेळी बघा दात आवळलेत का, खांदे कानापर्यंत चढलेत का. मास्कच्या आत दात आवळलेलेच असतात बहुतेक वेळा, जीभ टाळूपासून सोडली की जबडा आपोआप ढिला पडतो.

हे मी कुठं शिकले ते सांगते. आपल्याकडं फवारणीचं विषारी औषध पिऊन आलेले पेशंट किती येतात ते तुम्हाला सांगायला नको. एक रात्र होती, तिशीच्या आतला शेतकरी पोरगा, अ‍ॅट्रोपिन (त्या विषावरचा उतारा) चालू, दर थोड्या वेळानं प्युपिल बघा पल्स बघा छातीत आवाज ऐका सक्शन करा, आणि दाराबाहेर त्याची आई पदर तोंडात धरून जमिनीवर बसलेली, मी बाहेर आले की नुसतं माझ्या तोंडाकडं बघायची, विचारायची काही नाही. दोन वाजता माझे हात थरथरायला लागले, अँप्यूल फोडता येईना. सोबतची सिस्टर माझ्याहून मोठी, ती म्हणाली ताई आधी हात चोळ, नीट चोळ, श्वास सोड, मग फोड. अर्धा मिनिट गेलं असेल. हात थांबला. पोरगा सकाळपर्यंत टिकला आणि आठवड्यानं घरी गेला, पण तो गेला असता तरी मी हेच सांगितलं असतं.

कारण बरेच जातात. पेशंट गेला की आपण लाईन्स (अंगावरच्या नळ्या) काढतो, पेपर करतो, नातेवाइकांना समजावतो आणि पाचव्या मिनिटाला शेजारच्या बेडचं सलाईन बदलतो, हे आत कुठंतरी साठत जातं. लास्ट ऑफिस, म्हणजे गेलेल्या माणसाचं अंग पुसून नीट करणं, ते करताना मी त्या माणसाला नावानं हाक मारते, काका आता पुसून घेते, ताई पाय सरळ करते, असं. मग सिंकवर हात धुताना 40 ते 60 सेकंद त्याच माणसाचा विचार करायचा, नळ बंद केला की पुढच्या बेडकडं जायचं. मावशीला किंवा ब्रदरला एवढं तरी म्हणा की मला हे जड गेलं. रडू आलं तर येऊ द्या, लिनन रूम कशाला असते.

नातेवाईक अंगावर आले तर तेव्हा श्वासबिस जमत नाही, तिथं आधी सुरक्षितता. दाराकडं पाठ ठेवायची, एकटीनं उत्तर द्यायचं नाही, आवाज त्यांच्यापेक्षा खाली ठेवायचा, सिक्युरिटी आणि डॉक्टरला बोलवायचं. महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे, दवाखान्यातल्या माणसावर हात उगारला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड, त्यामुळं मारहाण झाली तर गप्प बसू नका, लेखी द्या. सगळं शांत झाल्यावर मात्र लगेच इंजेक्शन भरायला जाऊ नका. सोबतचीला म्हणा दोन मिनिटं माझे बेड बघ, आणि तोंडावर, मनगटावर गार पाणी मारा, दोन्ही टाचा जमिनीवर दाबून उभं राहा. थरथरत्या हातानं डोस भरला तर चूक होते आणि ती चूक पुन्हा आपल्यालाच खाते.

पाणी आणि लघवी. हसू नका, मला विचाराल तर अर्धी चिडचिड इथनंच येते. बाथरूमला जायला वेळ नाही म्हणून पाणी प्यायचं नाही, मग डोकं दुखतं, मग जळजळ, मग युरिन इन्फेक्शन. आपल्याकडं मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो आणि वॉर्डातला पंखा गरम हवाच फेकतो. बाटलीवर नाव टाकून नर्सिंग स्टेशनला ठेवा, राउंड संपला की चार घोट, टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं) झालं की चार घोट, असं कामाला बांधून टाका. बीपी नसेल तर लिंबू मीठ साखरेचं पाणी उन्हाळ्यात चांगलं.

डबा पण तसाच. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही-धपाटे, जे दोन घासात खाता येतं आणि नासत नाही ते आणा, आणि तुम्ही जेवताना दुसरीनं फोन उचलायचा असं आपापसात ठरवून घ्या. नाईटला चहा रात्री दोननंतर बंद, कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनी पण अंगात असतो आणि मग सकाळी झोप लागत नाही.

उभं राहून पोटऱ्या भरून येतात तर चार्ट लिहिताना टाचा वर-खाली करा, वीस वेळा, पोटरीचा स्नायू रक्त वर ढकलतो. घरी गेल्यावर दहा मिनिटं पाय भिंतीला लावून पडा.

नाईटनंतर स्कूटी चालवताना डुलकी आली असेल कधी, मला आलेली आहे, बीड रोडवर, तेव्हापासून मी डोळे जड असले की चेंजिंग रूममधे वीस मिनिटं अलार्म लावून पडते आणि मगच निघते. घरी खिडकीला जाड चादर, फोन दुसऱ्या खोलीत, आणि घरच्यांना स्पष्ट सांगायचं की दुपारी दोनपर्यंत मला उठवायचं नाही. सासूबाईंना हे पटायला मला तीन वर्षं लागली, पण पटलं.

आणि हे सगळं करून पण दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, ड्युटीच्या नावानं पोटात गोळा येतो, किंवा मरावं असं मनात यायला लागलं तर हँडरबवर भागवू नका. 14416 ला फोन करा, टेली-मानस आहे ते, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. ओळखीच्या दवाखान्यात दाखवायची लाज वाटत असेल तर शेजारच्या जिल्ह्यात दाखवा, पण दाखवा. आणि एका सिस्टरकडं अख्खा वॉर्ड असेल तर ते श्वासानं सुटत नाही, ते इनचार्ज आणि मेट्रनला लेखी द्या, तारीख टाकून, आणि एक कॉपी स्वतःजवळ ठेवा.