जुना गेम कन्सोल चालू करायच्या आधी त्याच्या पोटात काय आहे ते बघा

जुना कन्सोल सापडला की हात पहिल्यांदा जातो पॉवरच्या बटणाकडे, आणि नेमकं तेच सगळ्यात शेवटी करायचंय. वीसतीस वर्षं बंद पडून राहिलेली वस्तू आहे ती. आतला कुठला भाग काय काम करतो हे एकदा कळलं ना की बिघाड शोधणं, साफसफाई, टीव्हीला जोडणं, अगदी एम्युलेटरची (म्हणजे जुन्या कन्सोलची कॉम्प्युटरवर नक्कल करणाऱ्या प्रोग्रामची) सेटिंग लावणं सुद्धा सोपं जातं, कारण प्रत्येक गोष्टीचं मूळ त्या बोर्डावरच असतं.

सुरुवात अ‍ॅडॉप्टरपासून. पिन बसली म्हणजे अ‍ॅडॉप्टर चालेल असं अजिबात नसतं. निन्टेन्डोच्या एनईएसचा मूळ अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्ट एसी देतो, डीसी नाही, आणि एनईएसच्या आत एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर आहे म्हणून त्याला ते चालतं, पण तोच अ‍ॅडॉप्टर डीसीवाल्या दुसऱ्या कन्सोलला लावला तर कन्सोल जळू शकतो. सेगाच्या मेगा ड्राइव्हचं अजून वेगळं, पहिल्या मॉडेलला प्लगची मधली पिन निगेटिव्ह लागते आणि दुसऱ्या मॉडेलला पॉझिटिव्ह, नाव एकच पण वायर उलटी. म्हणून स्टिकर वाचा आणि व्होल्ट किती, एसी का डीसी, मधली पिन प्लस का मायनस हे तिन्ही जुळवा. अँपिअर गरजेपेक्षा जास्त असले तर चालतात, कमी असले तर नाही चालत. आणि प्लेस्टेशनसारख्या कन्सोलमध्ये पॉवर सप्लाय आतच असतो, तिथे घरातली थेट लाइन येते, त्यामुळे वायर काढलेली असली तरी त्या बोर्डाला बोट लावू नका, मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, चार्ज धरून बसलेला असू शकतो.

आता झाकण उघडा. निन्टेन्डोच्या बऱ्याच कन्सोल आणि कॅसेटना साधा स्क्रू ड्रायव्हर चालत नाही, कॅसेटला ३.८ मिमीचा आणि कन्सोलला ४.५ मिमीचा गेमबिट, म्हणजे त्या खास स्क्रूंसाठीचा ड्रायव्हर, लागतो. तो मागवा, पण पेन वितळवून स्क्रू काढायचे जुगाड करू नका, स्क्रूचं डोकं गेलं की मग काहीच करता येत नाही.

आत काय दिसतं ते एनईएसवरून सांगतो कारण त्याचं समजलं की बाकीचे समजतात. १९८३ साली जपानमध्ये फॅमिकॉम म्हणून आलेलं हे मशीन. त्यात दोन मुख्य चिप, एक सीपीयू, म्हणजे गेमचा हिशोब करणारी मुख्य चिप, रिको कंपनीची २ए०३, तिचा गाभा ६५०२ नावाच्या प्रोसेसरच्या जातीचा आणि वेग १.७९ मेगाहर्ट्झ, आवाज पण तिच्यातूनच निघतो, आणि दुसरी चित्र काढणारी पीपीयू. कामाची रॅम फक्त २ केबी. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची ६० चित्रं, धरल्या तर एका फ्रेमसाठी सीपीयूला साधारण २९,७८० सायकल मिळतात, तेवढ्यात शत्रू हलवायचे, टक्कर तपासायची, म्युझिक पुढे न्यायचं, आणि हे वेळेत नाही झालं की गेम हळू होतो. लहानपणी गर्दी झाली की गेम संथ व्हायचा ना, तो बिघाड नव्हता, सीपीयूचा फ्रेमचा वेळ संपलेला असायचा. तसंच लुकलुकणं. पीपीयू एका आडव्या ओळीत ८ च स्प्राइट (पात्रं, गोळ्या अशी हलणारी छोटी चित्रं) दाखवू शकते, नववा आला की तो गायब, म्हणून प्रोग्रामर लोक दर फ्रेमला स्प्राइटचा क्रम फिरवायचे म्हणजे कुणी एक कायमचा नाहीसा न होता सगळे आळीपाळीने लुकलुकतील. २ केबी रॅममध्ये बसून माणसांनी हे केलंय, मला आजही ते बघून भरून येतं.

कॅसेटमध्ये सुद्धा नुसती रॉम, म्हणजे गेम साठवलेली चिप, नसते. मोठे गेम बसावेत म्हणून आत मॅपर चिप असायची जी रॉमचे तुकडे अदलाबदल करून सीपीयूसमोर ठेवते, आणि सुपर निन्टेन्डोवरच्या १९९३ च्या स्टार फॉक्समध्ये तर सुपर एफएक्स नावाचा आख्खा वेगळा प्रोसेसर कॅसेटमध्येच होता. म्हणजे गेम बदलला की हार्डवेअरचा एक भाग पण बदलायचा. हे लक्षात ठेवा, एम्युलेटरकडे आलो की लागणार आहे.

साफसफाई. एनईएसची लाल लाइट सेकंदाला एकदा चालू बंद होत असेल तर कन्सोल मेला असं समजू नका. आत एक लॉकआउट चिप आहे, ती कॅसेटमधल्या तशाच चिपशी बोलते, आणि पिनांवर मळ असला की बोलणं जुळत नाही आणि ती मशीन पुन्हा पुन्हा रिसेट करत राहते. इलाज काय, तर कॅसेटच्या कडेचे संपर्क ९० टक्क्यांहून जास्त आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बडने पुसायचे, बड काळा यायचा थांबेपर्यंत, मग पूर्ण वाळू द्यायचं. फुंकर मारू नका!! फुंकरीतला ओलावा पिनांवर बसतो आणि गंज धरतो, आपण फुंकर मारल्यावर चालायची ती मुख्यतः काढून पुन्हा घातली म्हणून. सँडपेपर पण नको, वरचा पातळ मुलामा निघून जातो.

मग बॅटरी, आणि इथे जरा थांबूया कारण नुकसान इथे कायमचं होतं. जुन्या कॅसेटमधला सेव्ह हा एका छोट्या रॅममध्ये असतो आणि ती रॅम नाण्यासारख्या बॅटरीवर जिवंत असते, बऱ्याचदा सीआर२०३२. बॅटरी संपली की सेव्ह गेला. मल्टिमीटरने मोजा, ३ व्होल्टच्या आसपास हवी, २.५ च्या जवळ आली असेल तर बदलायला घ्या. पण आधी कॅसेट डंपर (कॅसेटमधला मजकूर वाचून घेणारं यंत्र) घेऊन सेव्ह आणि रॉम दोन्ही कॉम्प्युटरवर उतरवा. मी एकदा हे न करता बॅटरी काढली आणि भावाचा आणि माझा मिळून वर्षभराचा सेव्ह गेला, त्याला सांगायला मला दोन दिवस लागले. नवीन बॅटरी घेताना आधीच पत्र्या जोडलेली घ्या आणि त्या पत्र्यांना सोल्डर करा, थेट बॅटरीवर गरम सोल्डरिंग गन टेकवली तर ती फुटू शकते.

कपॅसिटर बघून घ्या. बोर्डावर मासळीसारखा वास, कपॅसिटरच्या बुडाशी ओलसर डाग किंवा हिरवट तांबं दिसलं तर ते गळतायत, आणि ते पाणी बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खातं. सेगा गेम गिअरमध्ये हे फारच दिसतं, आवाज बारीक होतो, स्क्रीन फिकट पडते. पहिल्या एक्सबॉक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये घड्याळासाठीचा एक कपॅसिटर असतो, तो गळायच्या आधी काढूनच टाकतात, गेमला त्याची गरज नाही. सोल्डरिंगचा हात नसेल तर जाणकाराकडून करून घ्या, शिकायला आधी एखादा निकामी बोर्ड वापरा.

हे सगळं झालं की मग टीव्ही. हे कन्सोल ज्याला २४०पी म्हणतात तसं, म्हणजे २४० रेघांचं पूर्ण चित्र एकदम पाठवायचे आणि ते पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीसाठीच बनवलेलं होतं. बरेच नवीन सपाट टीव्ही त्याला ४८०आय, म्हणजे एकाआड एक रेघांच्या दोन अर्ध्या चित्रांचा सिग्नल, समजतात आणि दोन फ्रेम मिसळायला जातात, मग कडा धूसर होतात आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा लागते. उपाय म्हणजे ओएसएससी किंवा रेट्रोटिंकसारखा स्केलर (जुन्या कन्सोलचं चित्र नव्या टीव्हीसाठी बदलून देणारा डबा) मधे लावायचा आणि टीव्हीचा गेम मोड चालू करायचा. ट्यूबवाला टीव्ही मिळाला तर सोन्याहून पिवळं, फक्त तो कधीही उघडू नका, आत जीवघेणा व्होल्टेज असतो. आणि नेमबाजीच्या गेमसाठी कन्सोलला जोडायची जुनी बंदूक सपाट टीव्हीवर चालत नाही, तिला ट्यूबच्या रेघेचा प्रकाश नेमक्या क्षणी दिसावा लागतो. अजून एक, १९९१ च्या सॉनिकमधला धबधबा मुळात उभ्या पट्ट्यापट्ट्यांचा आहे, कॉम्पोझिट केबलने (जुन्या टीव्हीची पिवळ्या पिनेची व्हिडिओ केबल) त्या पट्ट्या एकमेकांत मिसळायच्या आणि पाणी पारदर्शक दिसायचं, स्वच्छ एचडीएमआयवर नुसत्या पट्ट्या दिसतात. म्हणून एम्युलेटरमध्ये सीआरटी शेडर, म्हणजे ट्यूबवाल्या टीव्हीसारखं चित्र दाखवणारा फिल्टर, लावणं ही फसवणूक नाही, चित्रकाराने जे डोळ्यासमोर ठेवून काढलं त्याच्या जवळ जाणं आहे.

कन्सोल नसेल तर एम्युलेटर. रेट्रोआर्क घ्या, त्यात प्रत्येक मशीनसाठी वेगळा कोअर, म्हणजे त्या मशीनची नक्कल करणारा भाग, असतो. रॉम आपल्याच कॅसेटमधून उतरवलेली वापरा, तो कायद्याचा प्रश्न देशागणिक वेगळा आहे पण नेटवरून कुठलीही रॉम उचलणं बरोबर नाही. मगाशी मॅपरचं सांगितलं ते इथे लागतं, गेम सुरूच होत नसेल तर बऱ्याचदा तो मॅपर किंवा कॅसेटमधली खास चिप त्या कोअरला येत नसते, कोअर बदलून बघा. प्लेस्टेशनसाठी आपल्या मशीनची बायोस फाइल (कन्सोल सुरू करणारा आतला प्रोग्राम) रेट्रोआर्कच्या सिस्टिम फोल्डरमध्ये टाका. सेव्ह स्टेट, म्हणजे एम्युलेटरने त्या क्षणाची केलेली नोंद, सोयीचा असतो पण गेमच्या आतला सेव्ह पण करत जा, कारण कोअर अपडेट झाला की जुना स्टेट कधीकधी उघडत नाही.

उशिरा लागणारी उडी इथे पण त्रास देते, त्यासाठी रन अहेड नावाची सेटिंग आहे, ती काही फ्रेम आधीच पुढे चालवून तो उशीर लपवते, ती नीट मोजून लावा. गेम चालू असताना कीबोर्डवर पी दाबून थांबवा, उडीचं बटण धरून ठेवा आणि के दाबत एकेक फ्रेम पुढे जा, पात्र कितव्या फ्रेमला हललं ते मोजा. तिसऱ्या फ्रेमला हललं तर गेमचा स्वतःचा उशीर २ फ्रेमचा, म्हणून रन अहेड २ ठेवा. चित्र मधेच उडी मारल्यासारखं दिसलं तर एकाने कमी करा, आणि दुसरा गेम लावला की पुन्हा मोजा, प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो.