गजकर्ण घालवायचंय? आधी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा

पाऊस सुरू झाला की कूलरचा पंप बंद करा. नागपुरात जुलैतही लोक पाण्यासकट कूलर चालवतात. खोली दमट होते, आणि जांघेत, काखेत, पट्ट्याखाली रात्रभर चिकचिक राहते. गजकर्णाच्या बुरशीला एवढंच लागतं. ही बुरशी कातडीच्या सगळ्यात वरच्या थरातल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते, रक्तात उतरत नाही. त्यामुळे रक्त शुद्ध करणारे काढे आणि 'वांगं सोडा' वगैरे सल्ले ऐकून घ्या आणि विसरा. मी वांग्याची भाजी खातच बरा झालो. लसूण मात्र चोळू नका, कातडी भाजते.

ओळखायला सोपं आहे: गोल चकता, कड उठलेली, खवले कडेला जास्त, मधला भाग बरा झाल्यासारखा. सावळ्या अंगावर तो लाल न दिसता काळपट दिसतो. छाती-पाठीवरचे फिकट, फारसे न खाजणारे डाग म्हणजे शिबं. ती बुरशी वेगळी, तिचा उपचारही वेगळा. शंका असली तर डॉक्टर कडेचे खवले खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

आता ट्यूब. माझे आठ महिने इथेच गेले.

मी दिवसभर मोटरसायकलवर फिरणारा माणूस. जांघेत खाज सुटली तेव्हा लाजेपायी डॉक्टरकडे न जाता एका मेडिकल दुकानात गेलो आणि हळूच म्हणालो, ''भाऊ, काही जोरदार द्या.'' त्याने दिलं. दोन दिवसांत खाज गायब, आठवड्यात लाली गेली. मी चार मित्रांना त्या ट्यूबचं नाव सांगितलं, याची आजही लाज वाटते. लावणं थांबवलं की पंधरा दिवसांत चकता परत, आधीपेक्षा मोठा. परत ट्यूब, परत आराम. शेवटी तो मांडीवरून पोटापर्यंत चढला.

त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉईड होतं. खाज आणि लाली ही शरीराने बुरशीशी मांडलेली लढाई असते. स्टेरॉईड ती लढाई थांबवतं, म्हणून आपल्याला बरं वाटतं आणि बुरशी निवांत पसरते. चकत्याची कड पुसट होते, कधी एका गोलात दुसरा गोल उठतो. मग तपासणाऱ्या डॉक्टरलाही हे गजकर्णच आहे का, हे चटकन कळत नाही. कातडी पातळ होते ती वेगळीच. माझ्या जांघेत बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे वळ उमटलेत. गजकर्ण गेलं, वळ तसेच आहेत.

म्हणून पैसे देण्याआधी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकाही स्टेरॉईडचं नाव दिसलं तर ट्यूब परत करा. एका ट्यूबमध्ये तीन-चार औषधं असतील तर ती तुमच्यासाठी नाही, एवढं साधं गणित ठेवा. अशी स्टेरॉईडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम 2018 मध्येच झाला आहे. पण काउंटरवर 'जोरदार' मागणारे आपणच असतो.

अशी ट्यूब महिनोन्महिने लावून झाली असेल तर ती खिशात घालून त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांची ओपीडीही चालेल. ट्यूब दाखवा, किती दिवस लावली ते खरं सांगा. ती बंद केल्यावर सुरुवातीचे काही दिवस खाज भडकते. मी तेव्हाच दोनदा घसरलो आणि जुनी ट्यूब शोधून काढली. तुम्ही ती घरातच ठेवू नका.

चकता लहान आणि नवा असेल तर एकच औषध असलेलं मलम पुरतं: क्लोट्रिमॅझोल, ल्युलिकोनॅझोल किंवा तसंच दुसरं. अंग पूर्ण कोरडं करून, चकत्याच्या बाहेरची दोन बोटं चांगली कातडी धरून, बाहेरून आत लावा. बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल तेवढी पट्टी हाताच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. खाज थांबली म्हणून थांबायचं नाही. डाग साफ दिसल्यानंतरही निदान दोन आठवडे लावत राहा.

तीन-चार आठवड्यांत फरक नसेल तर स्वतः ट्यूब बदलत बसू नका. आपल्याकडे आता ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशी पसरली आहे, आणि तिच्यावर टर्बिनाफिन हे बुरशीवरचं नेहमीचं औषध अनेकदा चालत नाही. चकता मोठा असेल, चेहऱ्यावर, डोक्यात किंवा नखात असेल, लहान मुलाला किंवा गरोदर बाईला झाला असेल, मधुमेह असेल तर पहिल्या दिवसापासून डॉक्टरच. गोळ्याही त्यांनीच ठरवायच्या. इट्राकोनॅझोल हृदय आणि यकृत बघून देतात, आणि ती इतर बऱ्याच गोळ्यांशी जमत नाही. मित्राची चिठ्ठी तुमच्या कामाची नाही.

कपडे: सैल, सुती, रोज धुतलेले. उलटे करून उन्हात वाळवा, ऊन नसेल तर शिवणीवरून इस्त्री फिरवा. ओली चड्डी आणि जीन्स अंगावर वाळू देऊ नका.

आणि घरात ज्याला ज्याला आहे, त्या सगळ्यांचा उपचार एकाच वेळी. मी दोन महिने नेमाने मलम लावून साफ बरा झालो आणि पंधरा दिवसांत परत खाजवायला लागलो. माझ्या धाकट्या भावाने चार महिने कोणाला काही सांगितलं नव्हतं, आणि न्हाणीघरात आमचा टॉवेल एकच होता.