दोरा आणि नट वापरून घरीच काढा 9.8

लॅब नाही म्हणून पोरांचे प्रयोग अडतात हे ऐकलं की खरंच वाईट वाटतं, कारण गुरुत्वत्वरणाचा, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो त्याचा, 9.8 हा आकडा घरातल्या दोऱ्यावर सापडतो.

एक जड नट घ्या, शिवणाच्या दोऱ्याला बांधा आणि दाराच्या चौकटीतल्या खिळ्याला घट्ट अडकवा, लांबी वरच्या गाठीपासून नटच्या मध्यापर्यंत बरोब्बर 1 मीटर, खालच्या टोकापर्यंत नाही हं, इथेच बरेच जण चुकतात. थोडासाच बाजूला घेऊन सोडा, ढकलू नका. जाऊन परत आला की एक झोका. असे 20 मोजा, म्हणजे मोबाईलचं बटण दाबायला झालेला उशीर वीस झोक्यांत वाटला जातो, आणि मोजायला सुरुवात ‘शून्य’ म्हणून करा, ‘एक’ म्हणून नाही.

समजा 40.2 सेकंद आले, तर एका झोक्याला 2.01. आता पायच्या (π, म्हणजे 3.14) वर्गाची चौपट म्हणजे साधारण 39.5, त्याला मीटरमधल्या लांबीनं, इथे 1 नं, गुणा आणि 2.01 च्या वर्गानं भागा, 9.78 येतं!

मग दोरा 25 सेंटीमीटर करा, लांबी पाव झाली तरी वेळ निम्माच होतो. आणि तेवढ्याच लांबीवर दुप्पट वजन लावलं तर? हे पोरांना आधी अजिबात सांगू नका, प्रत्येकाचा अंदाज वहीत लिहून घ्या आणि मगच नट सोडा.