विज्ञानाची निरीक्षणवही: या चुका टाळा

नववीच्या वर्गाला निरीक्षणवही लिहायला सांगितली की सुरुवातीला बहुतेक वह्यांत एकच वाक्य सापडतं : 'जलप्रदूषण ही आजची गंभीर समस्या आहे.' त्यात मुलांचा काय दोष? 'पंचगंगेचे प्रदूषण' असा विषय दिला की निबंधच येणार. त्यापेक्षा पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज टिपायला सांगा आणि शेजारच्या रकान्यात वर घाटातल्या गगनबावड्याचा पाऊस. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे कोल्हापुरातल्या पोरांना सांगावं लागत नाही. पण शहरात ऊन पडलेलं असताना नदी का चढते, हा प्रश्न आलेख काढल्यावरच पडतो.

दुसरी चूक जास्त नडते : उत्तर आधी, निरीक्षण मागाहून. अंबाबाईच्या किरणोत्सवाबद्दल, म्हणजे मावळतीची किरणं देवळात थेट मूर्तीपर्यंत पोहोचतात त्याबद्दल, लिहा म्हटलं की कुठूनतरी उतरवलेला परिच्छेद येतो. तसं नको. घरातल्या पश्चिमेच्या खिडकीतून मावळतीचं ऊन भिंतीवर कुठे पडतं, तिथे नोव्हेंबरात खडूने खूण करू द्या, शेजारी तारीख. (घरच्यांना विचारून, नाहीतर तक्रार तुमच्याकडे येते.) खूण डिसेंबरात एका बाजूला सरकते, २२ तारखेच्या आसपास थबकते, मग परत फिरते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ती जुन्या जागी आली की किरणोत्सव नोव्हेंबरात ९ ते ११ आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी असा दोनदा का, ते मूल स्वतः लिहितं. मधे ढगाळ दिवस गेले तर रकाना रिकामा ठेवायचा. अंदाजाने भरलेला आकडा खपवून घेऊ नका.

सगळ्यांचं तापमान दशांशापर्यंत सारखं आलं, तर एकाच वहीवरून उतरलंय असं समजा. रागावण्याऐवजी प्रत्येकाला थर्मामीटर कुठे धरला होता ते विचारा, लगेच कळतं.

टापटिपीला गुण देऊ नका. दिलेत की मुलं कच्च्या वहीतून पक्क्या वहीत उतरवतात आणि नेमकी खाडाखोड, म्हणजे विचार बदलल्याची जागा, गायब होते. लाल पेनाने शुद्धलेखनही तपासत बसू नका. समासात एक प्रश्न लिहा, बास.

'सर, काय लिहू?' म्हणणाऱ्याला हंगामात गुऱ्हाळावर धाडा. काहिलीत, म्हणजे उसाचा रस उकळायच्या मोठ्या कढईत, भेंडीचा चिकट रस घातल्यावर मळी (रसातली घाण) वर का येते, एवढंच विचारून यायचं. गुळव्या (गूळ करणारा कारागीर) सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहू द्या. पुस्तकातली व्याख्या त्याखाली नंतर जोडता येते.