समुद्रकाठच्या र्योकानमधले वीस तास : इझूच्या किनाऱ्यावर मुक्काम कसा करावा

जपानमध्ये पारंपरिक निवासगृहाला र्योकान म्हणतात आणि जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्याला ओन्सेन. तोक्योच्या नैर्ऋत्येला असलेल्या इझू द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर आतामी, इतो, होक्कावा, आतागावा, इनातोरी अशी ओन्सेनची गावे रेल्वेमार्गाला लागून एकामागून एक येतात. तिथे आठ-दहा खोल्यांची, थेट समुद्रावर उघडणारी महागडी छोटी र्योकान आहेत. अशा ठिकाणी एका रात्रीचे माणशी चाळीस हजार येन किंवा त्याहून बरेच अधिक मोजावे लागतात, आणि त्यात रात्रीचे व सकाळचे जेवण धरलेले असते. दर खोलीचा नसून माणशी असतो, ही गोष्ट आरक्षण करताना अनेकांच्या लक्षात येत नाही आणि हिशेब दुप्पट चुकतो.

या खर्चाच्या बदल्यात नेमके काय मिळते, हे आधी समजून घ्यावे. खोली दुपारी तीनला मिळते आणि दुसऱ्या दिवशी दहा किंवा अकराला सोडायची असते. म्हणजे हाती जेमतेम वीस तास येतात, आणि चहा, स्नान, जेवण, झोप, पुन्हा स्नान, न्याहारी असा त्यांचा क्रम त्या घराने पिढ्यान् पिढ्या बसवलेला असतो. आम्ही पहिल्या खेपेला हे ओळखले नाही. वाटेत दोन प्रेक्षणीय स्थळे उरकून संध्याकाळी साडेसहाला पोहोचलो, तेव्हा दारात उभ्या असलेल्या बाईंनी हसून स्वागत केले खरे, पण स्वयंपाकघरात आमचे पहिले पान साडेसहालाच तयार होते. अंगावर प्रवासाची धूळ घेऊन जेवायला बसलो, आणि उजेडातला समुद्र पाहण्याची वेळ तर कधीच निघून गेली होती. म्हणून पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की तीन वाजता दारात हजर राहावे आणि त्या दिवशी दुसरा कोणताही कार्यक्रम ठेवू नये.

तोक्योहून शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, आतामी पाऊण तासावर आहे. तिथून गाडी बदलून इतोमार्गे दक्षिणेला जाता येते, किंवा तोक्योहून थेट 'ओदोरिको' ही जलद गाडी धरता येते, जी इनातोरीपर्यंत सव्वादोन तासांच्या आसपास घेते. जपान रेल्वेचा पास इतोपर्यंतच चालतो. पुढचा मार्ग खासगी कंपनीचा असल्याने त्याचे तिकीट वेगळे काढावे लागते. जाताना डाव्या हाताची खिडकी धरावी, कारण समुद्र त्या बाजूला आहे. बहुतेक र्योकान स्थानकावर गाडी पाठवतात, मात्र आपण कोणत्या गाडीने येणार ते आधी कळवावे लागते. मोठ्या बॅगा सोबत नेऊ नयेत. आदल्या दिवशी तोक्योच्या हॉटेलातून त्या 'ताक्युबिन' या घरपोच सेवेने पुढच्या मुक्कामी पाठवून द्याव्यात आणि र्योकानमध्ये एका रात्रीपुरती पिशवी घेऊन जावे. दात घासण्याच्या ब्रशपासून रात्रीच्या कपड्यांपर्यंत सगळे तिथे मिळते.

आरक्षण करताना तीन गोष्टी विचाराव्यात. खोलीलाच जोडलेले उघड्यावरचे स्नानकुंड, म्हणजे 'रोतेनबुरो', आहे का? त्यात येणारे पाणी खरोखर ओन्सेनचे आहे की नुसते तापवलेले? आणि ते सतत झऱ्यातून येऊन वाहून जाते की गाळून पुन्हा फिरवले जाते? वाहत्या पाण्याच्या पद्धतीला 'काकेनागाशी' म्हणतात आणि जाणकार त्यासाठी जास्त पैसे मोजतात. सुट्यांचे दिवस, म्हणजे एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा, ऑगस्टच्या मध्यातला पितरांचा ओबोन सण आणि नवे वर्ष, टाळलेले बरे. जूनमध्ये पावसाळा असतो आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर वादळांचा धोका. माझ्या मते थंडी उत्तम, कारण गार वाऱ्यात डोके आणि गरम पाण्यात अंग, यातली गंमत उन्हाळ्यात नाही. शिवाय फेब्रुवारीत जवळच्या कावाझू गावी चेरी लवकर फुलते.

शाकाहारी वाचकांनी पुढचा भाग दोनदा वाचावा. जपानी स्वयंपाकाचा पाया 'दाशी' नावाच्या पाण्यात असतो, आणि ते बहुधा कात्सुओ मासळीच्या सुकवलेल्या कातळ्यांपासून काढतात. त्यामुळे पानात मासा दिसला नाही तरी रस्सा, भाजी, अंड्याची वडी, सगळ्यांत तो असतो. माझ्या सासूबाईंसमोर एकदा नितळ सूप आले, वर गाजराचे फूल आणि मित्सुबा नावाच्या पाल्याचे एक पान. एक घोट घेऊन त्यांनी वाटी खाली ठेवली. चूक माझी होती, कारण मी नुसते 'शाकाहारी' एवढेच कळवले होते. नेमके असे लिहावे : "निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ-दाशी मो ताबेरारेमासेन." म्हणजे मांस आणि मासे खात नाही, कात्सुओची दाशीही चालत नाही. कोंबू या समुद्री शेवाळाची आणि शिताके अळंबीची दाशी चालेल, असे पुढे जोडावे. हे आरक्षणाच्या वेळीच सांगावे, कारण आचारी त्या दिवसाचा बाजार माणसे मोजून करतो आणि ऐनवेळी सांगितलेली अडचण त्याला सोडवता येत नाही. काही छोटी र्योकान अशी विनंती स्पष्टपणे नाकारतात, आणि तो नकार वाईट न वाटून घेता दुसरे ठिकाण शोधावे.

पोहोचल्यावर पादत्राणे दाराशीच राहतात. आत सपाता मिळतात, पण तातामी चटयांच्या खोलीत सपाताही नेत नाहीत, तिथे मोज्यांनी किंवा अनवाणी जावे. शौचालयाच्या सपाता वेगळ्या असतात आणि त्या घालून बाहेर येणारा पाहुणा हा त्या घरातला जुना विनोद आहे. चाकांची बॅग चटईवरून ओढू नये. भिंतीतल्या ज्या कोनाड्यात चित्र टांगलेले आणि एखादे फूल ठेवलेले असते तो 'तोकोनोमा', खोलीतला मानाचा भाग. देवघरात आपण जसे सामान टेकवणार नाही तसेच तिथेही टेकवू नये. मग नाकाई, म्हणजे आपल्या खोलीची व्यवस्था पाहणाऱ्या बाई, हिरवा चहा आणि एक गोड पदार्थ आणून ठेवतात. तो खावा. लांबच्या प्रवासानंतर रिकाम्या पोटी गरम पाण्यात उतरले तर घेरी येते, म्हणून त्या गोडाची योजना असते, असे सांगतात. जेवणाची आणि न्याहारीची वेळ त्याच वेळी विचारली जाते.

युकाता हा सुती झगा खोलीत ठेवलेला असतो आणि तो घालून आवारात कुठेही, बहुतेक ठिकाणी जेवायलाही, जाता येते. उजवी बाजू आधी अंगाला लपेटावी आणि डावी तिच्यावर घ्यावी. हा नियम स्त्री-पुरुष दोघांना सारखाच आहे. उलट लपेटणे फक्त प्रेताला असते, त्यामुळे चूक झालीच तर नाकाई लगबगीने येऊन नीट करून देतील.

आता स्नानाकडे वळू. राजापूरजवळचे उन्हाळे किंवा वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे पाहिलेल्या आपल्या माणसाला गरम झरा नवा नाही. नवे आहे ते हे, की इथे अंगावर एकही कपडा न ठेवता पाण्यात उतरतात आणि साबण लावून स्वच्छ झाल्याशिवाय उतरत नाहीत. सामायिक स्नानगृहे स्त्रियांची आणि पुरुषांची वेगळी असतात. दारावरचा पडदा बहुधा पुरुषांसाठी निळा आणि स्त्रियांसाठी लाल असतो, पण अनेक ठिकाणी दोन्ही कुंडांचा लाभ सगळ्यांना मिळावा म्हणून रात्री पडदे अदलाबदल करतात. काल गेलो तेच दार आज आपले असेल असे धरून चालू नये. लाज वाटत असेल तर खोलीतले कुंड आहेच, किंवा तासाभरासाठी स्वतंत्र मिळणारे 'काशिकिरी' कुंड सांगून ठेवावे. गोंदवलेल्यांना पुष्कळ ठिकाणी सामायिक कुंडात मनाई असते. कपाळावर किंवा हातावर जुने हिरवे गोंदण असलेली आजी सोबत असेल तर आधीच विचारून घ्यावे. जोडवी, पैंजण आणि गळ्यातले खोलीतल्या तिजोरीत ठेवावे, कारण पाण्यात गंधक असेल तर चांदी काळी पडते.

बुटक्या स्टुलावर बसून, शेजाऱ्यावर शिंतोडे न उडवता अंग घासून धुवावे. फेसाचा मागमूस राहू देऊ नये. केस वर बांधावेत. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नसतो, लोक तो घडी करून डोक्यावर ठेवतात. मग दोन-चार लोटे गरम पाणी पायांपासून वर घेत अंग सवयीचे करावे आणि सावकाश उतरावे, कारण चाळीस ते बेचाळीस अंश म्हणजे आपल्या रोजच्या अंघोळीपेक्षा बराच चटका असतो. पहिल्या वेळी पाच मिनिटे पुरेत. बाहेर येऊन काठावर बसावे, वारा घ्यावा, पुन्हा उतरावे. किनाऱ्यालगतचे झरे बहुधा क्षारयुक्त असतात आणि ओठांवर खारट चव लागते. त्या मिठाचा पातळ थर अंगावर राहून घाम लवकर उडू देत नाही, म्हणून स्नानानंतरही ऊब तासभर टिकते. त्वचा नाजूक नसेल तर वरून साधे पाणी घेऊ नये. दारू पिऊन किंवा जेवणानंतर लगेच उतरू नये, आणि रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

जेवणाला काइसेकी म्हणतात, आणि ते दीड-दोन तास चालते, म्हणून दुपारी हलकेच खावे. छोटे छोटे पदार्थ एकेक करून येतात : आधी तोंड उघडण्यापुरता घास, मग कच्ची मासळी, भाजलेले, शिजवलेले. पुढ्यातल्या चिमुकल्या शेगडीखाली इंधनाची वडी पेटवून ठेवतात आणि ती आपोआप विझली की वरचा पदार्थ तयार झाला असे समजावे, मध्ये झाकण उघडण्याची घाई करू नये. मासे खाणाऱ्यांनी इनातोरीच्या बाजूला किनमेदाई सोडू नये. हा लालभडक, मोठ्या सोनेरी डोळ्यांचा मासा सोया सॉस आणि साखरेच्या दाट रसात शिजवून येतो, आणि डोळ्याभोवतीचा मऊ भाग यजमान स्वतः आवर्जून दाखवतात. आपल्याकडे पहिला भात वाढून जेवण सुरू होते, तर इथे भात, मिसो सूप आणि लोणची शेवटी येतात. भात आला की आता फक्त फळ किंवा गोड उरले, एवढे समजून पोटात जागा ठेवावी.

आपण जेवत असताना खोलीत फुतोन गाद्या अंथरल्या जातात. काही जुन्या घरांत नाकाई त्यासाठी न विचारता आत येतात, त्याला घाबरून जाऊ नये. बक्षीस देण्याची गरज नसते.

पूर्व किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवतो. सूर्यास्त हवा असेल तर द्वीपकल्पाच्या पश्चिमेला, दोगाशिमा किंवा तोई या बाजूला, खोली घ्यावी. हिवाळ्यात पावणेसातच्या सुमारास आणि जूनमध्ये साडेचारच्या सुमारास उजाडते. त्याआधी पंधरा मिनिटे उठून कुंडात बसावे. पाण्यावरची वाफ वाऱ्याने समुद्राकडे ओढली जाते, क्षितिजावर आधी फिकट नारिंगी पट्टा उमटतो आणि मग कुंडाचे पाणी व खालचा समुद्र यांचा रंग थोडा वेळ एकच होतो. माझ्या मते पैसे इथे वसूल होतात.

न्याहारीला चिरून वाळवलेला 'आजी' नावाचा मासा भाजून येतो. सुक्या बांगड्यावर वाढलेल्या कोकणी माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. नात्तो, म्हणजे चिकट आंबवलेले सोयाबीन, मात्र एकदा चाखून मगच ठरवावे. हिशेब करताना काही ठिकाणी रोख लागते, आणि दरात धरलेला नसेल तर माणशी दीडशे येनांच्या आसपास स्नानकर वेगळा येतो. गाडी सुटल्यावर मालकीणबाई आणि नाकाई वळण येईपर्यंत हात हलवत उभ्या राहतात, तेव्हा मोबाईल खिशात ठेवून मागे वळून पाहावे. परतीच्या गाडीत खिडकी उजव्या हाताची घ्यावी.