रहस्यमालिकेचा सुरुवातीचा भाग दुसऱ्यांदा कसा पाहावा

रहस्यमालिका संपली आणि गुन्हेगार कोण ते कळले, की तिचा पहिला किंवा दुसरा भाग पुन्हा काढून बसावे. पहिल्या वेळी आपण उत्तर शोधत असतो; दुसऱ्या वेळी ते उत्तर आपल्या डोळ्यांसमोर असूनही आपल्याला का दिसले नाही, हे पाहायचे असते. त्याची तयारी टीव्हीपाशी नव्हे, वहीपाशी सुरू होते. भाग लावण्यापूर्वी त्यातले जे जे आठवते ते एका पानावर लिहून काढावे: कोण कोठे उभे होते, प्रेत प्रथम कोणी पाहिले, कोणाचे कोणते वाक्य खटकले. हे टाळू नये, कारण शेवट कळलेले मन मागच्या प्रसंगांत नंतरच्या गोष्टी घुसडत असते. मी एकदा अशा दहा गोष्टी खात्रीने लिहिल्या होत्या. त्यांपैकी चार त्या भागात नव्हत्याच.

उदाहरणासाठी दूरदर्शनवर १९९३ मध्ये सुरू झालेली, बासु चटर्जी दिग्दर्शित 'ब्योमकेश बक्शी' घेऊ. तिचा पहिला भाग शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या 'सत्यान्वेषी' या कथेवर आहे. ज्यांनी तो अजून पाहिलेला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा, कारण पुढे उत्तर सांगितले आहे. कोलकात्यातल्या एका मेसमध्ये, म्हणजे भाड्याने राहण्या-जेवण्याच्या घरात, अजित राहतो, अतुलचंद्र मित्र नावाचा तरुण तेथे जागा शोधत येतो, आणि मेसचे चालक अनुकूलबाबू हे होमिओपॅथीचे सालस डॉक्टर असतात. शेवटी अतुल हाच गुन्ह्याचा छडा लावणारा ब्योमकेश निघतो आणि कोकेनच्या चोरट्या व्यापारामागे खुद्द डॉक्टर असतात. म्हणजे एकाच छपराखाली दोन माणसे आपापली ओळख लपवून एकमेकांशी गोड बोलत आहेत, आणि खोटे न बोलणारा एकटा अजित आपल्यासाठी पडद्याचे काम करतो, कारण आपण सारे त्याच्या भरवशावर पाहत असतो. दुसऱ्या वेळी अजितवरून नजर काढावी. अतुलचा साधा प्रश्नही तपासाचा भाग आहे आणि डॉक्टरांची प्रत्येक आपुलकी ही खबरदारी असू शकते, असे धरून हे तिघे एकत्र असलेले प्रसंग पाहावेत. डॉक्टरकीचा धंदाही त्याच नजरेने पाहावा: दवाखान्यात दिवसभर अनोळखी माणसे आली आणि पुड्या घेऊन गेली, तरी शेजारीपाजारी कोणी काही विचारत नाही. सुगावा असा उघड्यावरच ठेवलेला असतो. आपण त्याला घरातले सामान समजून पुढे जातो.

नजर काढावी म्हणजे नेमके काय करावे? बोलणाऱ्याकडे न पाहता ऐकणाऱ्याकडे पाहावे. संवाद आपल्याला आता माहीत असतात, म्हणून महत्त्वाचे दोन-तीन प्रसंग आवाज पूर्ण बंद करून पुन्हा लावावेत. पार्श्वसंगीत हे कोणाला घाबरायचे आणि कोणावर विसंबायचे ते सतत सुचवत असते. ते गेले की बातमी ऐकताना कोणाचा हात थांबला आणि कोण गरजेपेक्षा लवकर हळहळले, हे स्वच्छ दिसते. जाणकार नट अशा ठिकाणी फार थोडे करतो, म्हणून मोबाइलपेक्षा मोठा पडदा बरा.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या प्रेक्षकापाशी आणखी एक साधन आहे आणि ते त्याने वापरावे. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, असा आपला दिवस जात असल्यामुळे कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलते आणि मध्येच भाषा का बदलते, हे आपल्या कानाला आपोआप टिपता येते. २०१६ मध्ये झी मराठीवर सुरू झालेल्या 'रात्रीस खेळ चाले'चा सुरुवातीचा भाग या कानाने ऐकून पाहावा. कोकणातल्या वाड्यातली मालवणी आणि मुंबईकरांची मराठी एकाच ओसरीवर येतात तेव्हा घरचे कोण आणि पाहुणे कोण, याची वाटणी कॅमेऱ्याआधी बोलण्यातून होते. आंबोली घाट उतरून सावंतवाडीकडे ज्यांची सोयरीक आहे, त्यांना यातले बारकावे माझ्याहून अधिक कळतील. या मालिकेची दुसरी खबरदारी अशी की पहिले पर्व वाड्यातले कर्ते पुरुष अण्णा नाईक यांच्या मृत्यूपासून सुरू होते, तर २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या पर्वाने त्याआधीची हकिगत सांगून जिवंत अण्णा दाखवले. आता पहिला भाग पाहताना आपण त्या प्रेताला दुसऱ्या पर्वातला स्वभाव चिकटवतो. तो चिकटवण्यात गंमत आहे, पण वहीत त्याला सुगावा म्हणू नये.

सगळेच आधीपासून ठरलेले असते, हाही एक भ्रमच आहे. १९९० च्या 'ट्विन पीक्स' या अमेरिकी मालिकेच्या पहिल्या भागाचे चित्रीकरण चालू असताना सेटची मांडणी करणारे फ्रँक सिल्वा चुकून आरशात दिसले; दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांनी ती चूक ठेवून घेतली आणि त्यातून 'बॉब' हे भयंकर पात्र उभे राहिले. म्हणून वहीत तीन रकाने आखावेत: मुद्दाम पेरलेले, मुद्दाम चकवा देणारे, आणि योगायोगाने राहून गेलेले. रोजच्या मालिकांमध्ये तिसरा रकाना बराच भरतो, कारण भाग दाखवले जात असतानाच पुढचे लेखन चालू असते आणि सुरुवातीला सोडलेले धागे पुढे कोणी उचलतच नाही. अशा धाग्यांवर फार वेळ घालवू नये.

शक्य असल्यास शेवट माहीत नसलेले कोणीतरी सोबत घ्यावे. आमच्याकडे हे काम आत्याकडे असते. तिने काही विचारले तरी उत्तर द्यायचे नाही, चुकीचा संशय घेतला तरी हसायचे नाही, आणि ती टीव्हीकडे पाहत असताना आपण अधूनमधून तिच्याकडे पाहायचे, कारण पेरलेला सुगावा नव्या माणसाच्या कपाळावर आठी उमटवतो की नाही, हे तिथेच कळते. भाग संपला की 'आत्या, तुला कुणाचा संशय येतोय?' एवढेच विचारून नाव वहीत लिहून ठेवावे आणि वही मिटावी. मागच्या खेपेला तिने जे नाव घेतले ते बरोबर होते. कशावरून, असे विचारल्यावर ती म्हणाली, 'अगं, तो सगळ्यांना चहा विचारत होता आणि स्वतः घेत नव्हता.' मी तो प्रसंग दोनदा पाहूनही माझ्या तिन्ही रकान्यांत तो कप नव्हता.