बारदानावरचा पुसट फौजी छाप कसा वाचला

इंदूर-महूकडे भंगारात मिळणाऱ्या तागाच्या जुन्या पोत्यांवरचा छाप बाहेरून वाचताच येत नाही, नुसता काळपट डाग दिसतो. आधी साबणाने धुऊन पाहिलं: शाई आणखी फिकी पडली, शिवणही उसवली, कारण ओला ताग कमजोर होतो. ब्लीच तर नकोच. दोन पोती हातची गेली, फार चडफडाट झाला.

जमलं ते असं. पोतं सावलीत पूर्ण वाळवा, मऊ ब्रशने विणीच्या दिशेने धूळ काढा (मास्क हवाच). मग पोतं उलटं करा. आतल्या बाजूला ऊन लागलेलं नसतं, त्यामुळे झिरपलेली शाई तिथे टिकते. दोन पदरांमध्ये पांढरा पुठ्ठा सरकवा, टॉर्च बाजूने जवळजवळ आडवा धरा आणि मोबाइलने फोटो काढा. अक्षरं उलटी दिसतात, म्हणून फोटो आडवा फ्लिप करा. मग कृष्णधवल करून कॉन्ट्रास्ट वाढवा.

बाण ही ब्रिटिश सरकारी मालावरची खूण. तिच्याबरोबर इंग्रजी ‘आय’ असेल तर ब्रिटिशकालीन हिंदी लष्कराचा माल, बाणाभोवती ‘सी’ असेल तर कॅनडाचा. नुसत्या बाणावर भाव देऊ नका, नव्या पोत्यांवरही तो छापतात. जुनी शाई धाग्यात मुरलेली असते. नकली बहुधा वरवर बसते, नखाने खरवडली की पापुद्रा निघतो.